मलावीतला दवाखाना आणि शाळा: वर्षाला २०,००० पौंड कुठे लावावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमधल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एक छोटी धर्मादाय संस्था काढली आहे आणि वर्षाला साधारण २०,००० पौंड जमतात. आफ्रिकेतल्या मलावी या देशाच्या दक्षिण भागातल्या एका मिशनच्या दवाखान्याशी तुमची ओळख झाली आहे. शेजारीच सरकारी प्राथमिक शाळा आहे. दवाखान्याला प्रसूतीसाठी नवी इमारत हवी आहे, शाळेला दोन वर्गखोल्या हव्या आहेत, आणि काही मुलांची फी भरावी असं तुमच्यातल्या काहींना वाटतं. आधी काय हाती घ्यावं, आणि पैसा योग्य ठिकाणी लागला हे इतक्या लांबून कसं कळावं?

अशा छोट्या संस्थांचे हिशेब आणि प्रत्यक्ष काम बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यातली पुष्कळशी मलावीत. माझं मत आधीच सांगतो: निदान पहिली तीन वर्षं इमारतीला हात लावू नका. चालू असलेल्या दवाखान्याचा एखादा रोजचा, कंटाळवाणा खर्च उचला आणि तो न चुकता दर वर्षी द्या. मोठ्या देणगीदारांना हे जमत नाही. त्यांचा प्रकल्प तीन वर्षांचा असतो, मग कार्यक्रम बदलतो, अधिकारी बदलतात. तुमची संस्था लहान आहे, पण ती दहा वर्षं त्याच गावाबरोबर राहू शकते, आणि तुमच्याकडे देण्यासारखं सर्वात मोलाचं हेच आहे.

प्रसूतीच्या इमारतीचंच बघा. भिंती, पत्रे आणि खाटा यांची रक्कम एकदाच लागते आणि ती गोळाही होते, कारण इमारतीचा फोटो दाखवता येतो. पण रात्री दोन वाजता बाई अडली तर तिथे नर्स-मिडवाइफ हवी. चोवीस तास कोणीतरी हजर ठेवायचं तर रजा आणि आजारपण धरून किमान चार जणी लागतात. त्यांना गावात राहायला घर लागतं. रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज आला आणि त्याला वीज आली. सोलर बसवलं तर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात, आणि तोपर्यंत बसवणारी संस्था बहुतेक वेळा निघून गेलेली असते. बाईला जिल्हा रुग्णालयात हलवायचं तर गाडी आणि डिझेल हवं. हे नसेल तर नव्या इमारतीत जुन्याच अडचणी राहायला येतात. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारा: पाचव्या वर्षी याचा खर्च कोण देणार? उत्तर नावानिशी आणि लेखी मिळालं नाही, तर पुढे जाऊ नका.

बांधकामच करायचं असा आग्रह असेल तर नर्सचं घर बांधा. ग्रामीण मलावीत कर्मचारी टिकत नाहीत, आणि राहण्याजोगं घर नसणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. दोन खोल्या, पक्कं छत, पाणी आणि कुलूप लागणारं दार एवढ्यानेही फरक पडतो.

आता पैशाचं गणित. मलावीतले मिशनचे दवाखाने बहुतेक करून ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी या १९६६ साली स्थापन झालेल्या संघटनेत असतात. लोक तिला ‘चाम’ म्हणतात. सरकारी केंद्रात उपचार मोफत असतात, तर चामच्या दवाखान्यात रुग्णाकडून फी घेतली जाते. मात्र तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे पगार सरकारच देतं. शिवाय अनेक दवाखान्यांचा जिल्ह्याशी सेवा-करार असतो: प्रसूती आणि नवजात बाळाचे उपचार दवाखान्याने मोफत करायचे आणि बिल जिल्ह्याने भरायचं. बिलं उशिरा भरली जातात, थकबाकी साचते आणि दवाखान्याची औषधखरेदी अडते.

तुमच्या दवाखान्याबद्दल पहिली चौकशी हीच करा. तो चामचा सदस्य आहे का? करार आहे का, आणि कोणकोणत्या सेवांचा? किती महिन्यांची बाकी आहे? हे न विचारता तुम्ही प्रसूतीचा खर्च उचललात, तर गावातल्या बाईच्या पदरात नवं काहीच पडत नाही, कारण तिला ती सेवा आधीपासूनच मोफत होती. तुमच्या पैशाने फक्त जिल्ह्याची जबाबदारी हलकी होते. त्याऐवजी करारात न बसणारी सेवा शोधा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मलेरिया-न्यूमोनियाच्या उपचाराची फी तुमच्या दवाखान्यात भरावी लागत असेल, तर ती तुम्ही भरा. फी अगदी थोडी वाटली तरी घरात रोख पैसा नसलेली आई मुलाचा ताप आणखी दोन दिवस बघते, आणि मलेरियात तेवढे दोन दिवस मुलाच्या जिवावर बेततात.

ही फी आगाऊ देऊ नका. महिनाअखेरीला दवाखान्याच्या नोंदवहीवरून बिल यावं आणि त्यावर पैसे जावेत. पडताळणीची सोयही तिथे आयती आहे. मलावीत प्रत्येक रुग्णाजवळ स्वतःची एक छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. तारीख, तक्रार आणि दिलेलं औषध त्यात लिहिलेलं असतं आणि वही रुग्णाच्या घरीच राहते. नोंदवहीतली कोणतीही दहा नावं निवडा, गावातल्या आरोग्य सेवकाबरोबर त्या घरी जा आणि वही बघायची परवानगी मागा. तारखा जुळल्या तर बिल खरं. इतकी स्वस्त आणि पक्की तपासणी मी दुसरीकडे फारशी बघितलेली नाही.

औषधांच्या खोलीत गेलात तर फडताळावर प्रत्येक खोक्याशेजारी एक जाड कार्ड दिसेल. त्यावर चार रकाने महत्त्वाचे: तारीख, आलेलं, दिलेलं, शिल्लक. मलेरियाच्या गोळ्यांचं कार्ड हातात घ्या आणि जानेवारी ते मार्चच्या ओळी वाचा. पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो आणि मलेरियाचा जोर त्याच काळात वाढतो. त्या ओळींत शिल्लक शून्यावर तीन-चार आठवडे अडकलेली दिसली, तर तुमच्या पैशाची जागा सापडली. सरकारी पुरवठा सेंट्रल मेडिकल स्टोअर्स ट्रस्टमार्फत होतो आणि त्यात खंड पडतात, म्हणून दवाखान्याजवळ स्वतःची थोडी खरेदीची रक्कम असावी लागते. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोचवा. फेब्रुवारीत पैसे पाठवून उपयोग नाही, कारण तोवर मातीचे रस्ते चिखलात गेलेले असतात आणि खोकी शहरात अडकून पडतात.

ब्रिटनमधून औषधं पाठवायचा विचार कितीही मनापासून केलेला असला तरी सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-देणगीच्या नियमावलीनुसार औषध पोचतं तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी, ते तिथल्या उपचारपद्धतीत बसणारं असावं आणि घेणाऱ्याने मागितलेलं असावं. घरातल्या उरलेल्या गोळ्या यातल्या एकाही अटीत बसत नाहीत. यंत्रांचंही तेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांतल्या रुग्णालयांच्या १,१२,०४० उपकरणांच्या याद्या तपासल्या होत्या, आणि त्यातली ३८.३ टक्के बंद होती. दुरुस्ती करणारं कोणी नाही, वापरायला शिकवलेलं नाही, वीज स्थिर नाही, अशी साधी कारणं त्यामागे होती. अल्ट्रासाउंड यंत्र देण्यापेक्षा रक्तदाब मोजायची चार चांगली यंत्रं स्थानिक दुकानातून घेतलेली बरी.

दवाखान्याच्या भिंतीबाहेरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मलावीत हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट नावाचे सरकारी पगारावरचे आरोग्य सेवक आहेत. २००८ पासून दुर्गम भागात त्यांची ‘व्हिलेज क्लिनिक’ चालतात. तिथे औषधांची एक पेटी असते आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब यांवर गावातच उपचार होतात. सेवकाचा पगार सरकार देतं, त्याला शिकवलेलंही सरकारने असतं. मग अडतं कुठे? सायकल मोडलेली असते, रेनकोट नसतो, पेटीला कुलूप नसतं, महिन्याच्या बैठकीला जायला पैसे नसतात, किंवा नेमलेल्या गावात राहायला जागा नसल्याने तो लांबून येतो. या गोष्टी किरकोळ वाटतात म्हणून मोठा देणगीदार त्यांच्याकडे बघत नाही. तुमच्या रकमेत सर्वात जास्त मुलांपर्यंत पोचायचं असेल, तर सायकली आणि त्यांच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च मी यादीत वर ठेवेन. दुरुस्तीचा खर्च धरूनच, नाहीतर दुसऱ्या वर्षी पुन्हा पायपीट.

शाळेकडे येऊ. मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटसंख्या जवळजवळ एका झटक्यात सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. शिक्षक आणि खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि तो भार आजही आहे. पहिलीच्या वर्गात शंभराहून जास्त मुलं झाडाखाली बसलेली दिसतात, आठवीत मोजकी उरलेली. वर्गखोल्या दिल्याच, तर त्या पहिली-दुसरीला मिळतील असं लेखी ठरवा. न ठरवल्यास नवी खोली हमखास आठवीला जाते, कारण परीक्षेचा निकाल तिथे लागतो. गळती मात्र खालच्या वर्गांतच सुरू झालेली असते. डिस्ट्रिक्ट एज्युकेशन मॅनेजरच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याच्या, संमतीशिवाय खोली बांधू नका. जिल्ह्याच्या आराखड्यात नसलेल्या वर्गाला शिक्षक मिळत नाही.

पुस्तकं वाटण्याचा मोहही आवरा. केनियात झालेल्या एका नावाजलेल्या प्रयोगात शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं दिली, तेव्हा फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. बाकीच्यांना ती इंग्रजी पुस्तकं वाचताच येत नव्हती. त्याच देशात १९९८ पासून शाळांमधून जंताच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. शिक्षणाचा प्रश्न कधी कधी आरोग्याच्या पैशाने सुटतो. तुमचा दवाखाना आणि शाळा एकमेकांच्या शेजारी आहेत, तेव्हा हे तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जाईल.

जेवणाचंही तसंच. जानेवारी ते मार्च हे मलावीत उपासमारीचे महिने असतात. जुना मका संपलेला, नवा शेतात. मुलं शाळेत येत नाहीत, आली तर झोपतात. ‘मेरीज मील्स’ ही स्कॉटिश संस्था २००२ पासून मलावीच्या शाळांत मका-सोयाची खीर देते आणि ती शिजवतात गावातले स्वयंसेवक. तुमच्या शाळेत हे आधीपासून चालू आहे का ते विचारा. नसेल तरी लगेच सुरू करू नका. तीन महिने जेवण देऊन चौथ्या महिन्यात थांबवणं मुलांवर अन्याय करणारं आहे, आणि रोजच्या जेवणाचा खर्च तुमच्या आवाक्याबाहेर जाण्याची शक्यता मोठी आहे.

फीचा मुद्दा मी सर्वात गांभीर्याने घेतो, कारण तिथे तुम्ही एखाद्या मुलीला शब्द देता. प्राथमिक शाळा मोफत आहे. अडचण सुरू होते आठवीची परीक्षा पास झाल्यावर. माध्यमिक शाळा चार वर्षांची, खर्चाची आणि बऱ्याचदा घरापासून लांब. लांबच्या मुली शाळेजवळ खोली भाड्याने घेऊन राहतात आणि स्वतः शिजवून खातात. तिथे त्यांना कसलंच संरक्षण नसतं, आणि अनेकींची शाळा गर्भारपणामुळे सुटते. त्यामुळे नुसती फी भरून भागत नाही. सुरक्षित वसतिगृह किंवा जाण्यायेण्याला सायकल, गणवेश, सॅनिटरी पॅड आणि लागत असतील तर परीक्षेचे पैसे हे सगळं धरूनच एका मुलीचा खर्च काढा.

मग गुणाकार करा. दर वर्षी १० नव्या मुली घेतल्या तर दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३० आणि चौथ्या वर्षी ४० मुली तुमच्यावर अवलंबून असतात. पहिल्या वर्षीचा खर्च सहज परवडला म्हणून संख्या ठरवणाऱ्या संस्था तिसऱ्या वर्षी कोंडीत सापडतात आणि मग एखाद्या मुलीला मधल्याच वर्षी सांगावं लागतं की पुढचे पैसे नाहीत. संख्या ठरवायची ती चौथ्या वर्षाच्या खर्चावरून, आणि एका पूर्ण वर्षाची रक्कम बाजूला ठेवून. तुमच्या बाबतीत मी वर्षाला तीन किंवा चार मुलींपेक्षा जास्त घेणार नाही.

पैसे देताना अट घालावी का, हाही प्रश्न येईल. मलावीतल्याच झोम्बा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये यावर प्रयोग झाला. काही मुलींच्या कुटुंबांना शाळेत हजर राहण्याच्या अटीवर रोख रक्कम दिली, काहींना बिनशर्त. अट घातलेल्या गटात गळती जास्त कमी झाली. पण शाळा सोडलेल्या मुलींमध्ये लवकर लग्न आणि गर्भारपण यांचं प्रमाण बिनशर्त गटात कमी राहिलं. म्हणजे जी मुलगी शाळेतून बाहेर पडली तिला आधाराची गरज जास्त होती, आणि अटीने नेमका तिचाच आधार काढून घेतला. यावरून मी असं ठरवलं आहे की फी शाळेला द्यावी, पण मुलगी गळाली तर त्याच दिवशी नाव कापू नये. निदान वर्षभर संपर्क ठेवावा आणि परत येण्याची वाट उघडी ठेवावी. कायद्याने लग्नाचं वय आता १८ आहे, २०१७ मध्ये राज्यघटनेतही दुरुस्ती झाली. डेडझा जिल्ह्यातल्या थेरेसा काचिंदामोतो या सिनियर चीफने, म्हणजे पारंपरिक प्रमुखाने, शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं होतं. तुमच्या भागातल्या चीफशी बोलणं म्हणूनच केवळ शिष्टाचार नाही. त्यांचा शब्द मुलीच्या घरात चालतो, तुमचा चालत नाही.

एका मुलाला एक पालक-देणगीदार जोडून देणं, त्याची पत्रं आणि फोटो मागवणं यात पैसे पटकन जमतात. अशा मदतीने मुलांचं शिक्षण वाढतं हे सहा देशांतल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे, म्हणून मी तिला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण छोट्या गावात, एकाच वर्गात, एकाला परदेशी पालक आणि शेजारच्याला काहीच नाही, हे मला पटत नाही. निवड शाळेच्या समितीने ठरलेल्या निकषांवर करावी, आणि देणगीदाराला मुलाचं नाव किंवा चेहरा कळायची गरज नाही.

हिशेबाचं बोलायचं तर मलावीत स्वतःची संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. तिथे २००१ चा एनजीओ कायदा आहे, २०२२ च्या दुरुस्तीने नियामक प्राधिकरण आलं आहे, आणि वार्षिक अहवाल व शुल्क सांभाळायला स्वतंत्र माणूस लागतो. नोंदणीकृत स्थानिक संस्थेबरोबर लेखी करार करा आणि पैसा तिच्याच खात्यावर पाठवा. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर एक पौंडही नको, मग तो माणूस फादर असो, मुख्याध्यापक असो की तुमचा जुना मित्र. खात्याला दोन सह्या असाव्यात आणि त्या एकाच घरातल्या नसाव्यात. उपचारांची फी महिन्याच्या बिलावर जाईल; बाकीची रक्कम तिमाहीने द्या, मागच्या तिमाहीचा हिशेब आल्यावर पुढची. बाजारातली हाताने लिहिलेली पावती खोटीच असते असं समजू नका, खेड्यात तशीच मिळते. आलेली रक्कम आणि खर्च चिचेवा या तिथल्या भाषेत लिहून दवाखान्याच्या आणि शाळेच्या भिंतीवर लावला जावा ही अट मात्र करारात घाला. ब्रिटनमधला लेखापरीक्षक जे पकडू शकत नाही ते पालकांच्या डोळ्यांना लगेच दिसतं.

अंदाजपत्रक क्वाचात, म्हणजे मलावीच्या चलनात करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालं, एका डॉलरचे सुमारे १,१८० वरून १,७०० क्वाचा झाले, आणि २०२४ मध्ये महागाई ३० टक्क्यांच्या वर होती. तुम्ही क्वाचात मानधन ठरवून वर्षभर विसरलात, तर ज्या माणसावर काम उभं आहे त्याच्या हातात वर्षाअखेरीला खूप कमी उरतं. दर सहा महिन्यांनी आकडे तपासा. बाहेर जास्त दर मिळतो म्हणून कोणी बँकेला वळसा घालायला सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि त्यात तुमचा स्थानिक भागीदार अडकतो.

ब्रिटनच्या बाजूने तीन गोष्टी. इंग्लंड-वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की बहुतेक धर्मादाय संस्थांना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा तुमची नोंदणी नसेल तर ती आधी. गिफ्ट एड या सरकारी करसवलतीतून कर भरणाऱ्या देणगीदाराच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मिळतात. परदेशी गेलेला पैसा धर्मादाय कामालाच लागला याची वाजवी खातरजमा केल्याचे कागद तुमच्याजवळ नसतील, तर करखातं हरकत घेऊ शकतं. म्हणून वर सांगितलेली कागदपत्रं जपून ठेवा. तुम्ही स्कॉटलंडमध्ये असाल तर नियामक वेगळा आहे. आणि कुठेही असलात तरी एडिंबरामधल्या स्कॉटलंड मलावी पार्टनरशिपशी एकदा बोला. तुमच्यासारख्या कितीतरी गटांचा अनुभव तिथे जमा आहे.

अलीकडची परिस्थितीही लक्षात घ्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, त्यानंतर ब्रिटननेही २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं. मलावीत याचा फटका दवाखान्यांना बसला आहे, आणि तुम्हाला आर्त पत्रं येतील: एचआयव्ही विभागातले कर्मचारी गेले, गाडी बंद पडली, काहीतरी करा. ती पत्रं खरी असतील. पण ते खिंडार २०,००० पौंडांनी भरत नाही, आणि सगळीकडे थोडं थोडं टाकलं तर चालू असलेली मुलींची फीही धोक्यात येते. जे उचललं आहे ते आधी सांभाळा.

माझ्या हातात असतं तर पहिलं वर्ष मी असं लावलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत फक्त चौकशी: दवाखान्याचा करार, औषधांची कार्डं, जिल्हा आरोग्य आणि शिक्षण कार्यालयांशी भेट. भेटीला जाणाऱ्याने तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं आणि वर्गात शिकवायला उभं राहू नये, ऐकायला जावं. त्यानंतर लहान मुलांच्या उपचाराची फी, पावसाआधीची औषधखरेदी, सेवकांच्या सायकली आणि तीन मुली. उरलेली रक्कम, साधारण तिसरा हिस्सा, राखीव. करारात हेही लिहा की आम्ही थांबणार असू तर बारा महिने आधी लेखी कळवू आणि शाळेत असलेल्या मुलींचा खर्च त्यांचं चौथं वर्ष संपेपर्यंत देऊ. या कलमावर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या, पहिला पौंड पाठवण्याआधी.